यादीत नाव का सापडत नाही? कर्जमाफीच्या निमित्ताने समजून घेऊ डेटाबेसच्या नेहमीच्या गडबडी

कर्जमाफीची यादी लागली की व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरायला लागतात. अकोल्याच्या जुन्या शहरात राहणाऱ्या पण शेती बाळापूर, पातूर किंवा बार्शीटाकळी तालुक्यात असलेल्या माणसाच्या मोबाइलवरही ती येते. तो बोटाने पानं सरकवत आपलं नाव शोधतो. शेजाऱ्याचं सापडतं, चुलतभावाचं सापडतं, आपलं नाही. मग प्रश्न येतो, "काऊन नाई आलं नाव?" आणि काउंटरवरून ठरलेलं उत्तर मिळतं, "सिस्टीममध्येच नाही."

या "सिस्टीममध्येच नाही"चे दोन अर्थ होऊ शकतात. एक, तुमची नोंद खरंच नाही. दोन, नोंद आहे पण ती दुसऱ्या कुठल्यातरी नोंदीशी जुळली नाही. पडद्यावर दोन्हींचं उत्तर सारखंच दिसतं. डेटाबेसवर काम करणाऱ्याचा निम्मा वेळ या दोन्हींतला फरक शोधण्यात जातो, आणि दुसरा प्रकार आपल्याला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळा निघतो.

महाराष्ट्राने याचं मोठं उदाहरण २०१७ मध्ये पाहिलंय.

दिवाळीतली प्रमाणपत्रं आणि गायब झालेली यादी

२४ जून २०१७ रोजी देवेंद्र फडणवीस सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. आकडा होता ३४ हजार २२ कोटींचा आणि लाभार्थी सांगितले होते ८९ लाख. नियम असा की दीड लाखापर्यंतचं थकीत पीककर्ज माफ. मात्र ही मर्यादा खात्याला नव्हती, माणसालाही नव्हती, ती कुटुंबाला होती. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि १८ वर्षांखालची मुलं. ही अट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

शेतकऱ्यांनी 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज भरले. बँकांनी आपल्याकडची कर्जखाती वेगळी पाठवली, तीही भल्यामोठ्या तक्त्यात. ६६ रकान्यांचा तो तक्ता त्या काळात बातम्यांतही गाजला. आता एका बाजूला अर्ज, दुसऱ्या बाजूला बँकेचा तक्ता, आणि दोन्हींची सांगड संगणकाने घालायची.

१८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, शेतकऱ्यांना बोलावून प्रमाणपत्रं दिली गेली. त्यानंतर काही दिवसांतच संकेतस्थळावरची यादी काढून घ्यावी लागली. एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी, एकच बचत खातं अनेकांच्या नावापुढे, अशा नोंदी बँकांना दिसल्या होत्या. त्यावर राजकारण भरपूर झालं. आपण इथे फक्त यंत्राकडे बघू: अशा याद्यांमध्ये काय काय बिघडू शकतं आणि ते शोधतात कसं. खालची उदाहरणं समजावण्यासाठी रचलेली आहेत, योजनांचे नियम आणि तारखा मात्र खऱ्या आहेत.

वानखडे की वानखेडे?

माणसाला 'वानखडे' आणि 'वानखेडे' वाचून शंका येते की एकच घर असेल. डेटाबेसला येत नाही. एका मात्रेचा फरक म्हणजे त्याच्यासाठी दोन वेगळे शब्द. बँकेत नाव इंग्रजीत, सातबाऱ्यावर मराठीत, आधारवर तिसऱ्याच पद्धतीने. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. कुठे 'रामराव', कुठे नुसतं 'राम', कुठे 'रामभाऊ'. नावावर नाव जुळवायला गेलात की इथेच माती खाता.

गावांचंही तेच. मूर्तिजापूर इंग्रजीत 'झेड' लावूनही लिहितात आणि 'जे' लावूनही. बार्शीटाकळी एक शब्द की दोन, यावर एकमत नाही. 'जुने शहर' हा पत्ता कुणी 'जुना शहर' लिहितं, कुणी 'जुनं शहर', कुणी 'ओल्ड सिटी', तर कुणी थेट 'डाबकी रोड' लिहून मोकळं होतं. शिवाय १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे रिसोड किंवा कारंजा तालुक्यातल्या जुन्या कागदावर जिल्हा अकोला आणि नव्यावर वाशिम. त्याच वाशिममध्ये एक मालेगाव आहे आणि नाशिकमध्ये दुसरं, जास्त प्रसिद्ध. नुसतं 'मालेगाव' लिहून जुळवणी केली तर वाशिमचा शेतकरी नाशिकला पोहोचेल.

यावर उपाय जुनाच आहे. नावाने ओळखायचं नाही, क्रमांकाने ओळखायचं. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी संकेतांक आहे तो यासाठीच. डेटाबेसच्या भाषेत याला 'की' म्हणतात, म्हणजे ज्याने एक नोंद दुसरीपासून नक्की वेगळी ओळखता येते असा रकाना.

दिसायला एक, आतून दोन

ही गडबड मराठीची खास आपली आहे आणि मला वाटतं ती सगळ्यात जास्त छळते.

'वऱ्हाड' हा शब्द संगणकावर दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर तो नुक्त्याचा 'ऱ', हलंत आणि 'ह' असा साठवला जातो. दुसऱ्यावर साधा 'र', हलंत, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि 'ह'. पडद्यावर दोन्ही 'वऱ्हाड'च दिसतात. छापून ठेवले तरी फरक कळणार नाही. पण डेटाबेस आतले संकेतांक बघतो, आणि ते वेगळे आहेत. म्हणजे 'वऱ्हाडे', 'गोऱ्हे' किंवा 'कऱ्हाडे' आडनावाचा माणूस स्वतःचं नाव अगदी बरोबर टाइप करूनही स्वतःला सापडणार नाही.

निदान सोपं आहे. दोन्ही शब्दांची लांबी डेटाबेसला विचारायची. एकाची एक आली आणि दुसऱ्याची एक जास्त, म्हणजे आत काहीतरी लपलंय. शेवटी चुकून पडलेली रिकामी जागाही अशीच सापडते. उपाय म्हणजे नोंद साठवतानाच सगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणायची, आणि शोधताना टाइप केलेल्या शब्दावरही तोच संस्कार करायचा. एकीकडे केला आणि दुसरीकडे नाही, तर असून नसून सारखंच.

याचे दोन चुलतभाऊ. पहिला म्हणजे जुने फॉन्ट. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी असल्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर मराठी दिसतो, पण फाइलमध्ये साठलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट काढला की अगम्य गिचमिड उरते. ती रूपांतर करून परत मिळवता येते. दुसरा चुलतभाऊ म्हणजे नावाच्या जागी आलेली प्रश्नचिन्हं: '?????'. ती दिसली तर ताबडतोब काम थांबवा. मराठी न पेलणाऱ्या रकान्यात मराठी घातल्यावर डेटाबेसने प्रत्येक चिन्हाच्या जागी खरोखरीचं प्रश्नचिन्ह साठवलेलं असतं. मूळ नाव तिथे आता नाही. मूळ फाइल जपून ठेवली असेल तरच सुटका.

आणि जागेचा हिशेब. प्रचलित युटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षर १ बाइट घेतं, देवनागरी चिन्ह ३. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. 'वानखडे' म्हणजे ६ चिन्हं, १८ बाइट. काही डेटाबेस रकान्याची लांबी अक्षरांत मोजतात, काही बाइटमध्ये. बाइटमध्ये मोजणाऱ्याला नावासाठी ५० ची जागा दिलीत तर मराठीची १६ चिन्हंच बसतील. माणसाचं, वडिलांचं आणि आडनाव मिळून १६ चिन्हांत बसवून दाखवा!

(जाता जाता: यादी अकारविल्हे लावली तर 'ळ'ने सुरू होणारं फारसं काही नसतं म्हणून आपलं बिंग फुटत नाही. पण युनिकोडच्या क्रमात 'ळ' हा 'ल'च्या शेजारी बसतो आणि आपल्या बाराखडीत 'ह'च्या पुढे. नुसत्या संकेतांकावर क्रम लावला तर शब्दाच्या मधला 'ळ' नावं इकडची तिकडे करतो.)

एक्सेलने खाल्लेला शेवटचा आकडा

बँकांकडून माहिती बहुतेक वेळा एक्सेलमधून फिरते. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ आकडेच नीट सांभाळतं. काही बँकांचे खाते क्रमांक १६ आकडी आहेत. तुम्ही लिहिलंत १२३४५६७८९०१२३४५६, की ते होतं १२३४५६७८९०१२३४५०. शेवटचा ६ गेला, ० आला. कुठलीही सूचना नाही, लाल खूण नाही.

आता विचार करा, बाप-लेकाने एकाच दिवशी खाती उघडली. दोन्ही क्रमांक लागोपाठचे, फरक फक्त शेवटच्या आकड्यात. एक्सेलमधून गेल्यावर दोन माणसं, एक खातं. बाहेरून बघणाऱ्याला हा घोटाळा वाटेल, आणि कुणीतरी गुन्हा दाखल करा म्हणेल. सुरुवातीला शून्य असलेल्या क्रमांकांचं शून्य उडतं ते वेगळंच.

ओळखायचं कसं? शंभर क्रमांक काढा आणि शेवटचा आकडा बघा. सगळेच शून्यावर संपत असतील तर योगायोग नाही. खाते क्रमांक, आधार, मोबाइल, पिनकोड यांची आपण कधी बेरीज करत नाही; त्यामुळे त्यांचा रकाना पहिल्यापासून 'टेक्स्ट' हवा. एकदा शून्य झाल्यावर रकाना टेक्स्ट करून उपयोग नाही. गेलेला आकडा परत येत नाही.

आधारच्या बाबतीत एक चांगली सोय आहे. १२ आकड्यांतला शेवटचा आकडा पहिल्या ११ वरून गणिताने काढलेला असतो. याकोबस व्हरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडलेली ही पद्धत एका आकड्याची कुठलीही चूक पकडते, शेजारचे दोन आकडे उलटे पडले तरी पकडते. फॉर्ममध्ये ही तपासणी घातली तर चुकीचा आधार टाइप होताच कळेल. पण एक गोष्ट ती पकडत नाही: बरोबर असलेला पण दुसऱ्याचाच आधार. रकाना सक्तीचा असेल, कागद हातात नसेल आणि बाहेर रांग लागली असेल, तर टाइप करणारा हाताशी असलेला कुठलातरी चालणारा क्रमांक टाकून पुढे जातो. जगातल्या प्रत्येक सक्तीच्या रकान्याची ही कथा आहे. त्यासाठी डेटाबेसमध्ये 'हा क्रमांक दोनदा येता कामा नये' असा निर्बंध घालतात. तो पहिल्या दिवशी घातला तर दुसरा अर्ज तिथल्या तिथे अडतो. शेवटी घालायला गेलात तर आधीच साठलेल्या दुहेरी नोंदींमुळे डेटाबेस तो निर्बंध घालूच देत नाही.

एक लाखाचे तीन लाख

आता ती कुटुंबाची अट.

समजा नवऱ्याचं ६० हजारांचं कर्ज आणि बायकोचं ४० हजारांचं. कुटुंबाचे मिळून एक लाख, दीड लाखाच्या आत. शेती तीन गटांत. प्रोग्रॅमरने कर्जखात्यांचा तक्ता आणि जमिनीचा तक्ता कुटुंब क्रमांकावर जोडला. याला 'जॉइन' म्हणतात. जॉइन प्रत्येक खात्याला प्रत्येक गटाशी जोडतो: २ खाती गुणिले ३ गट, म्हणजे ६ ओळी. आता रकमेची बेरीज केली की येते ३ लाख. कुटुंब मर्यादेबाहेर. नियमाप्रमाणे दीड लाखावर कर्ज असलेल्यांनी आधी वरची रक्कम स्वतः भरायची होती. म्हणजे घरात एक लाखाचं देणं असलेल्यांना संगणक सांगणार, दीड लाख भरा, मग बघू.

यात कुठेही एरर येत नाही, हीच खरी अडचण. क्वेरी चालते, उत्तर येतं, आकडा खरा वाटतो.

घाईत केलेला उपाय म्हणजे 'डिस्टिंक्ट' लावणे, म्हणजे सारख्या रकमा एकदाच धरणे. वरच्या उदाहरणात उत्तर बरोबर येईल आणि प्रोग्रॅमर खूश होईल. मग पुढच्या घरात नवराबायको दोघांचंही कर्ज ५०-५० हजार निघेल, आणि बेरीज येईल ५० हजार. बरोबर पद्धत अशी की आधी खात्यांची कुटुंबवार बेरीज करून घ्या, प्रत्येक कुटुंबाची एकच ओळ करा, मग जमिनीशी जोडा. जॉइन करण्याआधी ओळी किती आणि नंतर किती, एवढं मोजायची सवय असली तरी ही चूक पहिल्याच दिवशी पकडली जाते.

कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे

डेटाबेसमध्ये रिकाम्या रकान्याला 'नल' म्हणतात. नल म्हणजे 'माहीत नाही'. मुद्दल ८० हजार आणि व्याजाचा रकाना कोरा असेल तर बेरीज ८० हजार येत नाही, बेरीजही नल येते. ८० हजार अधिक 'माहीत नाही' बरोबर 'माहीत नाही'. तर्काला धरून आहे, पण शेतकऱ्याची रक्कम कोरी झाली.

याहून वाईट प्रकार वगळण्याच्या यादीत होतो. २०१७ च्या योजनेत मंत्री, आमदार, चतुर्थ श्रेणी सोडून सरकारी कर्मचारी, आयकर भरणारे असे गट वगळले होते. प्रोग्रॅमर लिहितो: ज्यांचा आधार वगळलेल्यांच्या यादीत नाही ते दाखव. बरोबर वाटतं. पण वगळलेल्यांच्या यादीत एकाच माणसाचा आधार कोरा असेल तर 'नॉट इन' वापरलेली क्वेरी एकही नाव दाखवत नाही. का? संगणक म्हणतो, तो कोरा आधार या शेतकऱ्याचाही असू शकतो, मला नक्की माहीत नाही, म्हणून दाखवत नाही. असं प्रत्येक शेतकऱ्याबाबत म्हणतो. एका कोऱ्या जागेपायी अख्खा जिल्हा शून्य. 'नॉट एक्झिस्ट्स' वापरलं किंवा कोऱ्या नोंदी आधीच बाजूला काढल्या की प्रश्न सुटतो.

१ एप्रिल की ४ जानेवारी?

२१ डिसेंबर २०१९ रोजी उद्धव ठाकरे यांनी नागपूरच्या अधिवेशनात महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर केली. मर्यादा दोन लाख. कर्ज १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेलं हवं होतं.

आपण १ एप्रिल २०१५ ही तारीख ०१/०४/२०१५ अशी लिहितो. अमेरिकी सेटिंग असलेला संगणक तीच ४ जानेवारी २०१५ अशी वाचतो. शेतकरी तीन महिन्यांनी बाहेर. गंमत म्हणजे १३ तारखेपासून पुढे ही चूक होऊ शकत नाही, कारण तेरावा महिना नसतो. त्यामुळे यादीतल्या काही तारखा बरोबर, काही उलट्या, आणि तपासणाऱ्याने १५ एप्रिलची नोंद बघितली तर त्याला सगळं ठीकच दिसतं. तारीख नेहमी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने पाठवा, एवढाच इलाज आहे.

दुसरं टोक ३१ मार्च २०१९. तारखेसोबत वेळही साठवली असेल तर '३१ मार्चपर्यंत' याचा अर्थ संगणक ३१ मार्चचे रात्रीचे बारा, म्हणजे दिवस सुरू होतानाचे, असा घेतो. त्या दुपारी मंजूर झालेलं कर्ज सुटतं. '१ एप्रिलच्या आधी' असं लिहिलं की झालं.

आणि 'सर्व्हर डाउन'?

तेही असतं. शेवटच्या तारखेला सगळे एकदम येतात, डेटाबेसकडे एका वेळी ठरावीक जोडण्याच असतात, आणि शोधायच्या रकान्यावर 'इंडेक्स' नसेल तर एक आधार शोधायला तो लाखो ओळी पहिल्यापासून वाचतो. पुस्तकाच्या शेवटची सूची न बघता पान एकपासून चाळण्यासारखं. इंडेक्स घातला की बराच फरक पडतो. पण सर्व्हर पुन्हा चालू होतो, अर्ज उद्या भरता येतो. वरच्या चुका मात्र सर्व्हर सुरळीत चालू असतानाच होतात, म्हणून त्यांची भीती जास्त.

शोधायचं कुठून?

अनुभवी माणूस अख्ख्या यादीवर तुटून पडत नाही. तो एकच शेतकरी घेतो, ज्याचं नाव यायला हवं होतं पण आलं नाही. त्याची नोंद अर्जात आहे का? बँकेच्या तक्त्यात आहे का? जॉइननंतर राहिली का? वगळण्याच्या पायरीनंतर? ज्या पायरीवर ती गळली तिथे चूक. मग त्याच पायरीवर आणखी किती गळले ते मोजतो. चांगल्या व्यवस्थेत न जुळलेल्या नोंदींची वेगळी यादी कारणासह बनते: 'आधार जुळला नाही', 'खाते क्रमांक अपुरा', 'तारीख अवैध'. असं कारण छापून हातात मिळालं तर काउंटरवर भांडायला निदान काहीतरी मुद्दा असतो.

२०२० मध्ये कामाची पद्धत बरीच बदललेली दिसते. अर्जच मागवले नाहीत. बँकांनी खाती आधारशी जोडून पाठवली. कुटुंबाऐवजी वैयक्तिक शेतकरी हा निकष धरला, म्हणजे जुळवणीतली सगळ्यात गुंतागुंतीची पायरीच काढून टाकली. २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी आली ती फक्त ६८ गावांची, १५ हजार ३५८ खात्यांची. आधी थोड्यावर चालवून बघा, मग सगळ्यांवर, हा प्रोग्रॅमिंगचा साधा नियम. प्रत्येक खात्याला विशिष्ट क्रमांक दिला. याद्या ग्रामपंचायतीत आणि बँकेत लावल्या. शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन अंगठा लावायचा, पडद्यावरची रक्कम बघायची आणि मान्य आहे की नाही ते सांगायचं. अमान्य असेल तर तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे.

तुमचं नाव कुठल्याही यादीत अडलं असेल तर तक्रारीसोबत बँक पासबुक, सातबारा आणि आधार या तिन्हींच्या प्रती एकाखाली एक ठेवून आधी घरीच जुळवून बघा. नावातली मात्रा, खाते क्रमांकाचे आकडे मोजून, आणि कर्जाची तारीख. फरक सापडला तर त्यावर पेनाने गोल करा आणि अर्जात लिहा, "माझी नोंद आहे, या ठिकाणी जुळत नाही."